कुणाचं एक रुपया देणं नाही, तरी क्रेडिट कार्डाचा अर्ज नामंजूर: व्यवहारानं चोख माणसाला बँक कशी तोलते?

मांजराकाठ (लातूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या दाजींचा आहे, पण आपल्या मराठवाड्यात असे दाजी घरोघरी सापडतील, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

दाजींचं लातूरला भुसार मालाचं दुकान. रिटर्न दरवर्षी वेळेवर. आडतीवर कुणाचं देणं नाही. घर बांधलं तेही साठवलेल्या पैशातून आणि ताईच्या भिशीतून, गाडी घेतली ती रोखीनं. आता भाची पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. तिची फी, हॉस्टेल, तिकिटं ऑनलाइन भरायला सोपं जावं म्हणून, जिथं त्यांचं चालू खातं आणि मुदत ठेव आहे त्याच बँकेत कार्डासाठी अर्ज केला. तो नामंजूर झाला. मेसेजमध्ये एवढंच, की अंतर्गत धोरणात अर्ज बसत नाही. आणि दुकानावर काम करणाऱ्या पोराला, ज्याचा मोबाइलचा आणि मोटरसायकलचा हप्ता चालू आहे, त्याला समोरून फोन करून कार्ड दिलं.

दाजींना कार्डाचं विशेष काही नाही. त्यांना लागलंय ते वेगळं. "आयुष्यात कुणाचं बुडवलं नाही, मग मी भरवशाचा का नाही?" असं विचारायलेत. त्यांना खरं उत्तर द्यायचंय. बँकेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण हे एका बँकेपुरतं नाही. जाणकारांनी सविस्तर लिहावं.

खतावणी (नांदेड)

दाजींना आधी हे सांगा, की त्यांच्या नियतीबद्दल बँकेनं काही मत केलेलंच नाही. मत करायला लागणारी नोंद तिच्यासमोर नव्हती. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालोय, त्यामुळे हे आतून पाहिलेलं आहे.

कार्डाचा अर्ज हल्ली शाखेत ठरत नाही. शाखेतले साहेब दाजींना नावानं ओळखत असतील, चहा सांगत असतील, पण त्यांच्या ओळखीला या कामात जागा नाही. अर्ज मुख्य यंत्रणेकडे जातो आणि ती पॅन नंबरावरून क्रेडिट ब्युरोचा, म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीचा, अहवाल मागवते. देशात असे चार ब्युरो आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हायमार्क. सिबिल सगळ्यात जुना, २००० सालचा, म्हणून आपल्याकडं सगळ्यांनाच ‘सिबिल’ म्हणतात. त्यांचं काम २००५ च्या कायद्याखाली चालतं. त्या नोंदींवरून माणसाला गुण, म्हणजे स्कोअर, मिळतो, ३०० ते ९००. कार्ड देणाऱ्या बहुतेकांना ७५० च्या आसपास किंवा वर हवा असतो. ज्यानं कधी कर्जच घेतलं नाही त्याला स्कोअर मिळत नाही. त्या जागी उणे एक किंवा ‘एनएच’, म्हणजे इतिहासच नाही, असं येतं.

आता या अहवालात काय दिसत नाही ते बघा. ठेव दिसत नाही. चालू खात्यातली शिल्लक दिसत नाही. जमीन, सोनं, दुकानातला माल दिसत नाही. भिशीचा हप्ता कधी चुकला नाही, हे दिसत नाही. आडत्याचे पैसे ठरल्या दिवशी पोचते केले, ते दिसत नाही. बहुतेक पतसंस्थांची कर्जंही दिसत नाहीत, मग ती कितीही वेळेवर फेडलेली असोत. आपल्या भागातला निम्मा व्यवहार याच वाटांनी चालतो, आणि तो सगळा ब्युरोच्या नजरेबाहेर राहतो.

दिसतं ते एवढंच: बँकेकडून किंवा फायनान्स कंपनीकडून कधी, किती कर्ज घेतलं आणि हप्ता तारखेला आला की उशिरा. मागच्या ३६ महिन्यांचे खाने असतात. वेळेवर भरलं की ‘०००’, तीस दिवस उशीर झाला की ‘०३०’. त्या पोराचे खाने दर महिन्याला शून्यांनी भरत गेले. बँकेसाठी तो वाचता येण्यासारखा माणूस झाला, आणि दाजी कोरं पान राहिले. हा अन्याय वाटतो, आणि मलाही वाटतो. पण तो दाजींच्या चारित्र्याचा निकाल नाही.

आणखी एक कारण सांगतो, जे फारसं कुणी सांगत नाही. कार्डाची उधारी विनातारण असते. नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं बँकांसाठी कार्डाच्या येणे रकमेवरचा जोखीम भार १२५ वरून १५० टक्के केला. म्हणजे तेवढ्याच उधारीसाठी बँकेला आता जास्त भांडवल अडकवावं लागतं. अशा वेळी नवख्या अर्जदाराकडं हात आखडतो.

सोयाबीनवाला (हिंगोली)

काका, मग आमचं काय? मी दरसाल पीककर्ज घेतो, मार्चअखेर नवं-जुनं करतो, एक वर्ष चुकवलं नाही. सिबिलला नोंद असणारच की. तरी कार्डवाला पोरगा म्हणला, शेतीचं उत्पन्न आमच्याकडं चालत नाही.

आमच्यासारख्यांना कायम असंच वाटायलंय, की वेळेवर भरणाऱ्याची किंमतच नाही. २०१७ ला कर्जमाफी झाली ती थकलेल्यांची, दीड लाखापर्यंत. आम्हाला प्रोत्साहन म्हणून २५ हजारांपर्यंत. २०१९ ची माफी दोन लाखांपर्यंत, आम्हाला ५० हजारांपर्यंत, ते बी खात्यावर यायला २०२२ उजाडलं. ज्याचं पीक गेलं त्याची माफी झाली पाहिजे, त्याबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. गावात काय हाल असतात ते मी डोळ्यानं बघतो. पण भरणाऱ्यानं पोटाला चिमटा काढून भरलेलं असतं, ते कोण मोजणार?

खतावणी (नांदेड)

भाऊ, तुमचं दुखणं खरं आहे. उत्तर तुकड्यातुकड्यांत देतो.

तुमचं पीककर्ज अहवालात असतं आणि वेळेवर फेडल्याचं चांगलं वजनही पडतं. पण कार्ड देणारा दोन गोष्टी वेगवेगळ्या बघतो. फेडायची सवय आहे का, ही पहिली. दर महिन्याला फेडायला पैसा येतो का, ही दुसरी. तुम्ही पहिल्यात पास आहात, अडतंय ते दुसऱ्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त, म्हणून बहुतेकांचं रिटर्नच नसतं. पैसा येतो तो सोयाबीन विकल्यावर एकदम आणि मग महिनोन् महिने काही नाही. कार्डाचं बिल तर दर महिन्याला. पगाराची स्लिप नाही, फॉर्म १६ नाही, त्यामुळे यंत्रणेला कागदावर उत्पन्न सापडत नाही. शिवाय कार्ड कंपन्यांकडं पिनकोडची यादी असते. गाव त्या यादीत नसेल तर पुढचं काही बघायच्या आधीच अर्ज बाजूला पडतो.

तुमच्या वेळेवर भरण्याचं मोल पीककर्जातच मिळतं. तीन लाखांपर्यंत दर ७ टक्के, वेळेवर भरलं की केंद्राची ३ टक्के सवलत, आणि उरलेल्या व्याजासाठी राज्याची पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना. म्हणजे चोख भरणाऱ्याला ते बिनव्याजी पडतं. वर्षाला ३६-४५ टक्के व्याजाच्या कार्डासाठी या चोखपणाला कुठंही धक्का लागू देऊ नका.

आणि एक काळजी घ्या. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर ज्यांच्या कर्जाचं पुनर्गठन झालं, म्हणजे मुदत-हप्ते नव्यानं ठरले असतील त्यांनी आपला अहवाल उघडून बघावा. नैसर्गिक आपत्तीमुळे पुनर्गठन, असा वेगळा शेरा असतो. त्याऐवजी साधा पुनर्गठनाचा शेरा पडला असेल, तर पुढं वाचणारा त्याचा वेगळाच अर्थ काढतो. बँकेला लेखी देऊन तो दुरुस्त करून घ्या.

बीडकर पुण्यात

मी बँकांच्या कार्ड-यंत्रणेचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं लिहितो. ‘बिल पूर्ण भरणारा गिऱ्हाईक बँकेला नको असतो, म्हणून अधूनमधून थोडी बाकी ठेवावी, मग स्कोअर वाढतो’ असं आमच्या माजलगावात सुद्धा लोक छातीठोक सांगतात. कृपा करून यावर विश्वास ठेवू नका. यात घरंच्या घरं गाळात जायलीत.

बँकेला कार्डातून पैसा मुख्यतः दोन वाटांनी येतो. तुम्ही दुकानात १०० रुपयांची खरेदी केली की दुकानदाराकडून साधारण दीड-दोन रुपये कापले जातात, आणि त्यातला मोठा वाटा कार्ड देणाऱ्या बँकेचा. दुसरी वाट व्याजाची. पूर्ण भरणाऱ्याकडून पहिला पैसा येतो, बाकी ठेवणाऱ्याकडून दुसरा, आणि दुसरा कितीतरी मोठा असतो, हे खरं. पण बाकी ठेवणाऱ्यांतूनच बुडवणारेही निघतात. म्हणून बँकेला दोन्ही प्रकारचे ग्राहक हवे असतात. पूर्ण भरणारा कमी कमाईचा पण निश्चिंत ग्राहक असतो. त्याची कार्डावरच्या खर्चाची मर्यादा वाढते, गृहकर्जाच्या वेळी त्याची फाइल सरळ जाते.

आता बाकी ठेवल्यावर काय होतं ते आकड्यात बघा. समजा २०,००० रुपये बाकी आणि दर महिना साडेतीन टक्के. एका महिन्याचं व्याज ७००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १२६, मिळून ८२६. बिलावर ‘किमान रक्कम’ १,००० लिहिलेली असेल आणि तुम्ही तेवढीच भरली, तर मुद्दलातून फक्त १७४ रुपये गेले. वर, पूर्ण बिल न भरल्यामुळे नव्या खरेदीवरची बिनव्याजी मुदतही जाते आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लागतं. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये ३० टक्क्यांवरचं व्याज अनुचित ठरवलं होतं, पण २० डिसेंबर २०२४ ला सुप्रीम कोर्टानं तो निकाल रद्द केला. म्हणजे व्याजाला ती अटकावाची भिंतही उरली नाही.

स्कोअरला बाकी ठेवण्याचा काडीचा फायदा नाही. स्कोअर बघतो तो वेळेवर भरलं का, आणि मर्यादेच्या किती टक्के वापरलं, हे.

तेरणा (धाराशिव)

माझा प्रश्न जरा बाजूचा आहे पण विचारते. आमच्या बचत गटातल्या बायकांचे हप्ते फार काटेकोर असतात, एकीचा चुकला तर दुसऱ्या भरतात. त्याची नोंद कुठं होते का? आणि दुसरं, मी भाच्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला जामीन आहे. त्याचे दोन-तीन हप्ते मागं पडलेत. माझ्या स्वतःच्या नावावर तर कर्जच नाही. मला याचा त्रास होईल का?

खतावणी (नांदेड)

ताई, आधी दुसरा प्रश्न, कारण तो तातडीचा आहे. हो, त्रास होतो. जामीनदाराच्या अहवालात ते कर्ज ‘जामीनदार’ म्हणून दिसतं आणि थकलं की थकबाकीसह दिसतं. आपल्याकडं जामीन राहणं म्हणजे नात्याचा मान राखणं असतं. मामानं, मावशीनं नाही म्हणायचं म्हणजे वाईटपणा. मी अशा कितीतरी फायली बघितल्या, ज्यात स्वतः एक रुपया न उचललेला शिक्षक, तलाठी, दुकानदार पाहुण्याच्या सहीपायी अडकला होता. भाच्याला घेऊन बँकेत जा, किती थकलंय ते लेखी घ्या आणि हप्ते चालू करून घ्या. ‘सेटलमेंट’ करायचा सल्ला कुणी दिला तर घाई करू नका. थोडं भरून मिटवलेल्या कर्जावर ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो, आणि पुढचा कर्ज देणारा त्याचा अर्थ ‘पूर्ण फेडलं नाही’ असाच घेतो. ही माहिती ब्युरो किमान सात वर्षं ठेवतात.

गटाचं म्हणाल तर, बँकेनं गटाच्या नावानं दिलेलं कर्ज आणि गटातली आपापसातली उचल या वेगळ्या गोष्टी. आपापसातली उचल सहसा ब्युरोकडं जात नाही. मायक्रोफायनान्स कंपनीनं एकेकीच्या नावानं दिलेलं कर्ज मात्र जातं. म्हणून कोणत्या बाईच्या नावावर काय दिसतंय ते एकदा बघून घ्या.

चॉक आणि डस्टर (परभणी)

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते मनापासून मांडतो. दाजींना कार्ड लागतंच कशाला? फी यूपीआयनं जाते, डेबिट कार्डानं जाते. ज्या माणसानं घर उधारीशिवाय उभं केलं, त्याला या वयात बँकेच्या परीक्षेला का बसवायचं? माझ्या शाळेतल्या तरुण सहकाऱ्यांचे पगार पहिल्या आठवड्यात कार्डाच्या बिलात जाताना मी बघतो. दुसऱ्या कार्डाच्या हप्त्यासाठी तिसरं कार्ड. कर्ज न घेणं हा गुण आहे, आणि बँक तो गुण मोजत नाही म्हणून आपण आपली रीत बदलायची का?

मांजराकाठ (लातूर)

सर, तुमचं म्हणणं मला पटतं, आणि दाजीही हेच म्हणतील. पण भाचीचं शिक्षण पुढं आहे. उद्या शैक्षणिक कर्ज काढायची वेळ आली तर सहकर्जदार म्हणून दाजींचाच अहवाल बघणार. तेव्हा कोऱ्या अहवालापायी तिचं काम अडू नये, एवढीच माझी तळमळ. दाजींनी रीत बदलू नये. त्यांची रीत नोंदीत यावी, एवढाच मार्ग शोधतोय. आता नेमकं काय करावं?

बीडकर पुण्यात

दोन-तीन गोष्टी, मी करीन त्या क्रमानं.

नामंजुरीचं कारण लेखी मागा. रिझर्व्ह बँकेच्या कार्ड निर्देशांनुसार अर्ज फेटाळला तर नेमकं कारण लेखी कळवणं कार्ड देणाऱ्यावर बंधनकारक आहे. ‘अंतर्गत धोरण’ हे नेमकं कारण नव्हे. सोबत हेही लिहा, की रिझर्व्ह बँकेच्याच निर्देशांत, पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ इतिहास नाही म्हणून फेटाळू नये, असं म्हटलंय. ऑगस्ट २०२५ मध्ये अर्थ राज्यमंत्र्यांनी लोकसभेतही हे सांगितलं, आणि किमान स्कोअर रिझर्व्ह बँकेनं ठरवून दिलेला नाही हेही. याचा अर्थ बँकेला कार्ड द्यावंच लागेल असा नाही, पण ‘सिबिल नाही’ एवढ्यावर विषय संपवता येत नाही.

तोवर चार बँकांत अर्ज टाकत सुटू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते आणि थोड्या दिवसांत खूप चौकशा दिसल्या की माणूस पैशासाठी अडलाय असं समजलं जातं. स्वतःचा अहवाल स्वतः बघितल्यानं मात्र काही कमी होत नाही.

दाजींची ठेव आहे, तर त्या ठेवीवरचं कार्ड मागा. ठेवीच्या साधारण ७५ ते ९० टक्के मर्यादा मिळते, बँकेप्रमाणे कमीजास्त. तारण बँकेकडंच असल्यामुळे उत्पन्नाचे कागद फारसे मागत नाहीत, ठेवीवर व्याज चालू राहतं, आणि ब्युरोकडं नोंद इतर कार्डासारखीच जाते. सोयाबीनवाले भाऊ, तुम्हालाही हीच वाट सगळ्यात जवळची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. चोख माणसं नेमकी इथं मागं पडतात. समजा मर्यादा २०,००० आणि दाजींनी फीसाठी १८,००० वापरले. बिल आल्यावर शेवटच्या तारखेआधी सगळे भरले, एक पैसा व्याज नाही. तरी ब्युरोकडं जाते ती बँकेनं ज्या दिवशी माहिती पाठवली त्या दिवशीची बाकी. तिथं दिसतं, मर्यादेच्या ९० टक्के वापर. असं सारखं दिसलं की स्कोअर दबतो. म्हणून मोठा खर्च झाला की बिल तयार व्हायची वाट न बघता आधीच भरून टाकावं. वापर ३० टक्क्यांच्या आत दिसला तर उत्तम. १ जानेवारी २०२५ पासून बँका किमान दर पंधरवड्याला माहिती पाठवतात, त्यामुळे चांगला बदलही आता लवकर दिसतो. आणि खात्यातून पूर्ण बिल आपोआप जाईल अशी सोय करून ठेवा, किमान रकमेची नको.

सोयाबीनवाला (हिंगोली)

तालुक्याला बँकेसमोर एक जण बसायलाय, पाच हजारात सिबिल वाढवून देतो म्हणतो. गावातल्या दोघांनी दिले बी. खरं असतंय का हे?

खतावणी (नांदेड)

भाऊ, गावात सगळ्यांना सांगा, त्याला एक रुपया देऊ नका. अहवालातली खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही, आणि खोटी नोंद दुरुस्त करायला पैसे लागत नाहीत. उलट आधार, पॅन आणि ओटीपी त्याच्या हातात गेला तर तुमच्या नावावर नवं कर्ज उभं राहायचं.

प्रत्येक ब्युरोकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल स्कोअरसह फुकट मिळतो, त्यांच्याच संकेतस्थळावर. आपल्याकडं नावांचा घोळ फार. सातबाऱ्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि एकाच गावात त्याच नावाचे तिघं. दुसऱ्याचं कर्ज आपल्या अहवालात आलेलं मी पाहिलंय. असं काही दिसलं की तिथंच तक्रार नोंदवा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम एप्रिल २०२४ पासून आहे. तरीही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तिथं ब्युरोविरुद्धही तक्रार करता येते. चौकशीचा क्रमांक १४४४८.

मांजराकाठ (लातूर)

सगळ्यांचे मनापासून आभार. काकांचा पहिला परिच्छेद दाजींना वाचून दाखवला. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "म्हणजे शाखेतल्या साहेबाला सुद्धा माहीत नव्हतं म्हण की." त्यांच्या मनातली ती सल गेली. ठेवीवरच्या कार्डाचा अर्ज दिलाय, लेखी कारणही मागितलंय.

एक शेवटचं. ताईच्या नावावर जुन्या नोकरीतलं एक कार्ड आहे, वर्ष-दीड वर्ष वापरलेलं नाही. ते बंद करावं की राहू द्यावं?

बीडकर पुण्यात

वार्षिक शुल्क नसेल तर राहू द्या. जुनं खातं आणि न वापरलेली मर्यादा दोन्ही अहवालात चांगलंच दिसतं. दोन-तीन महिन्यांतून एखादं लाइटबिल त्यावर भरा आणि लगेच चुकतं करा. कारण वर्षभराहून जास्त काळ न वापरलेलं कार्ड, कळवून तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर, बँक स्वतःहून बंद करू शकते. शुल्क लागत असेल आणि ताईंना नकोच असेल तर बाकी शून्य करून लेखी अर्ज द्या. सात कामकाजाच्या दिवसांत बंद केलं नाही तर बँकेला पुढच्या प्रत्येक दिवसाचे ५०० रुपये ताईंना द्यावे लागतात. बंद झाल्याचा मेसेज जपून ठेवा आणि महिन्या-दीड महिन्यानं अहवालात ते खातं ‘बंद’ दिसतंय ना, तेवढं बघून घ्या.